सुट्या पेशींचा प्राणी कसा झाला

उत्क्रांती मान्य आहे, पण तिच्या मोठ्या उड्या मान्य नाहीत, असे म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखेही नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू तयार होतात, दुष्काळानंतर गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांची चोच पिढीगणिक बदलते, हे माणसाच्या हयातीत मोजता येते. पण पाण्यात एकट्याने पोहणाऱ्या पेशीपासून मासा, मधमाशी आणि माणूस घडला, तोही अशाच बारीकसारीक बदलांतून, हे पटायला जड जाते. ही शंका शास्त्रज्ञांनाही छळत आली आहे. युरी फिलिपचेंको या रशियन जीवशास्त्रज्ञाने १९२७ साली सूक्ष्म उत्क्रांती आणि स्थूल उत्क्रांती असा भेद केला, तो दोहोंची कारणे वेगळी असावीत असे वाटल्यामुळेच. रिचर्ड गोल्डश्मिट यांनी १९४० साली हाच मुद्दा आणखी ताणला: जातीअंतर्गत बदल कितीही साठले तरी त्यांतून नवा जीवप्रकार निघणार नाही, त्यासाठी एका फटक्यात घडणारी मोठी उलथापालथ हवी. या वादाचा निकाल लावायचा तर सोपे उदाहरण घेऊन चालणार नाही. सगळ्यांत अवघड उदाहरण घ्यावे लागेल, आणि प्राण्यांचा उगम हे तसे उदाहरण आहे.

या प्रकरणात मला जे मांडायचे आहे ते असे. प्राणी घडवायला लागणारे बरेचसे साहित्य प्राण्यांच्या आधीच, एकपेशीय जीवांत, तयार होते. पेशींनी एकमेकींना चिकटून राहणे ही तर निसर्गात पुन्हापुन्हा घडलेली आणि प्रयोगशाळेत काही आठवड्यांत घडवता येणारी गोष्ट आहे. खरी अडचण त्यापुढची होती. चिकटलेल्या पेशींपैकी बहुतेकींनी आपला स्वतंत्र वंश चालवण्याचा हक्क सोडून द्यावा, ही व्यवस्था टिकवणे अवघड होते. स्थूल उत्क्रांतीतली ‘मोठी उडी’ शोधायची तर ती इथे शोधावी. आणि इथेही शोधू गेल्यास आपल्याला उडी सापडत नाही, पायऱ्या सापडतात.

पहिला दुवा १८६० च्या दशकात सापडला. हेन्री जेम्स-क्लार्क हे अमेरिकन निसर्गतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले एकपेशीय जीव पाहत होते. त्यांतल्या एका गटातल्या पेशीला एक लांब कशाभिका असते आणि तिच्या बुडाशी बारीक तंतूंची गोल कॉलर असते. कशाभिका हलली की पाण्याचा प्रवाह तयार होतो, त्याबरोबर आलेले जीवाणू कॉलरवर अडकतात आणि पेशी ते गिळते. अगदी अशाच पेशी स्पंजाच्या आतल्या पोकळ्यांना अस्तरासारख्या लागलेल्या असतात आणि त्याच पद्धतीने पाणी गाळतात, हे जेम्स-क्लार्क यांच्या लक्षात आले. या एकपेशीय जीवांना आज कोॲनोफ्लॅजेलेट म्हणतात. नुसत्या दिसण्यावरून काढलेले नाते फसवे असू शकते, म्हणून शंभराहून अधिक वर्षे हा दुवा संशयाच्या छायेत राहिला. जनुकांच्या तुलनेने तो संशय फेडला: प्राण्यांचे सर्वांत जवळचे हयात नातलग हेच आहेत, बुरशी त्यांच्या पलीकडची आणि वनस्पती तर फारच दूरच्या.

मोनोसिगा ब्रेव्हिकॉलिस या कोॲनोफ्लॅजेलेटचा संपूर्ण जनुकसंच निकोल किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ९,२०० जनुके आहेत. या जीवाची वसाहत कधी कोणी पाहिलेली नाही; तो एकटाच जगतो. तरीही त्याच्याकडे कॅडहेरिन प्रथिनांची २३ जनुके निघाली. आपल्या शरीरात कॅडहेरिनचे काम शेजारच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवण्याचे आहे. ज्याला शेजारीच नाही त्याला जखडणारे प्रथिन कशाला? बहुधा भक्ष्य जीवाणू पकडायला किंवा एखाद्या पृष्ठभागाला धरून राहायला. पेशी-पेशींमधल्या निरोपांसाठी आपण वापरतो त्या टायरोसिन कायनेज जातीच्या प्रथिनांचीही तिथे रेलचेल आहे. थोड्या दूरच्या आणखी एका नातलगात, गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या शरीरात राहणाऱ्या कॅप्सास्पोरा या एकपेशीय जीवात, इंटिग्रिन सापडली. पेशीला तिच्या भोवतालच्या आधारद्रव्याशी बांधणारी ही प्रथिने केवळ प्राण्यांचीच मिरास आहेत, असे तोवर मानले जात होते. नैसर्गिक निवडीला भविष्य दिसत नाही. प्राणी घडवायचे आहेत म्हणून तिने हे साहित्य जमवले नाही. ते दुसऱ्याच कामांसाठी जमले आणि पुढे नव्या कामाला जुंपले गेले.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. आजचे कोॲनोफ्लॅजेलेट हे आपले पूर्वज नाहीत, चुलत भावंडे आहेत. दोन्ही शाखा वेगळ्या झाल्या त्यालाही कित्येक कोटी वर्षे लोटली, आणि तेवढ्या काळात त्यांनीही पुष्कळ काही गमावले किंवा कमावले असेल. आक्षेप पूर्ण खरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या एका स्पंजाच्या पेशींचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याला बळ देतो: स्पंजाच्या कॉलरवाल्या पेशीत जी जनुके कार्यरत असतात ती कोॲनोफ्लॅजेलेटच्या कार्यरत जनुकांशी फारशी जुळत नाहीत. उलट, स्पंजातल्या कोणतेही रूप घेऊ शकणाऱ्या भटक्या पेशींचे एकपेशीय नातलगांशी अधिक जमते. म्हणजे ‘कॉलरवाल्या पेशी एकत्र आल्या आणि स्पंज झाला’ हे शाळेतल्या पुस्तकात शोभणारे चित्र जसेच्या तसे घेता येत नाही. पण आक्षेपाने मूळ मुद्दा ढळत नाही. जे जनुक प्राणी, कोॲनोफ्लॅजेलेट आणि कॅप्सास्पोरा या तिन्ही शाखांत आहे, ते तिघांच्या समान पूर्वजात होते असे मानणे हाच सरळ निष्कर्ष आहे. आणि तो पूर्वज प्राण्यांच्या आधीचा आहे. मला तर हा अभ्यास मुख्य युक्तिवादाला पूरकच वाटतो, कारण त्यातून पूर्वजाचे अधिक समर्थ चित्र उभे राहते: एकाच ठरावीक रूपात अडकलेली पेशी नव्हे, तर परिस्थितीनुसार रूपे बदलणारी पेशी.

आता चिकटून राहण्याकडे वळू. सॅल्पिंगोइका रोझेटा हा कोॲनोफ्लॅजेलेट कधी एकटा राहतो, कधी त्याच्या पेशी विभाजनानंतर सुट्या न होता फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोलाकार वसाहतीत राहतात. प्रयोगशाळेत प्रतिजैविके घालून पाणी स्वच्छ केले तेव्हा या वसाहती जवळजवळ बनेनाशा झाल्या. शोध घेता कळले की सोबतचा एक जीवाणू एक विशिष्ट स्निग्ध रेणू बनवतो आणि त्या रेणूच्या अत्यल्प मात्रेनेही वसाहत बनू लागते. २०१२ सालचा हा शोध. पुढे अशा वसाहतीसाठी आवश्यक असलेले एक जनुकही सापडले. ते बिघडले की नीटस फुलाऐवजी पेशींचा नुसता गुंता होतो. एका जनुकातल्या बिघाडाने व्यवस्था आणि गोंधळ यांत फरक पडतो, म्हणजे त्याच्या उलट दिशेचा बदलही आवाक्याबाहेरचा नसणार.

तो तसा नाही, हे प्रयोगांनी दाखवले. क्लोरेला या एकपेशीय शैवालाच्या भांड्यात १९९८ सालच्या प्रयोगात एक भक्षक सोडला गेला. शंभर पिढ्यांच्या आतच भांड्यात आठ-आठ पेशींच्या वसाहतींचे राज्य झाले. भक्षकाच्या तोंडात मावू नये इतपत मोठी आणि प्रत्येक पेशीला पोषण मिळावे इतपत लहान, अशी ती आठची गोळी होती. मॅथ्यू हेरॉन आणि सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनास या शैवालावर पॅरामिशियम सोडले, तर ५० आठवड्यांत पाचपैकी दोन भांड्यांत बहुपेशीय रूपे अवतरली. विल्यम रॅटक्लिफ यांच्या प्रयोगात भक्षकही नव्हता. त्यांनी रोज यीस्टचे भांडे थोडा वेळ ठेवून फक्त तळाशी बसलेल्या पेशी पुढच्या पिढीसाठी घेतल्या. जड गोळे लवकर बसतात. ६० दिवसांत दहाच्या दहा भांड्यांत हिमकणासारख्या फांद्या असलेले यीस्टचे पुंजके झाले. हा प्रयोग चालू ठेवून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ६०० फेऱ्यांत, म्हणजे सुमारे ३,००० पिढ्यांत, काही पुंजके मूळच्या २०,००० पट मोठे होऊन नुसत्या डोळ्यांना दिसू लागले. निसर्गातही बहुपेशीयता निदान २५ वेळा स्वतंत्रपणे उगवली, असा एक मान्यताप्राप्त हिशेब आहे. पृथ्वीवर एवढ्या वेळा घडलेल्या गोष्टीला चमत्कार म्हणता येत नाही.

पण यीस्टचा गोळा म्हणजे प्राणी नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. गोळ्यातल्या प्रत्येक पेशीचे स्वतःचे हित शाबूत असते, आणि जिथे हिते सुटी असतात तिथे भिशीत पहिल्याच महिन्याला रक्कम उचलून पुढचे हप्ते चुकवणारा माणूस निघतोच. डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबाचे उदाहरण घ्या. अन्न संपले की हजारो सुटे अमीबा एकत्र येतात, त्यांतले सुमारे वीस टक्के मरून देठ बनतात आणि उरलेले त्या देठावर चढून बीजाणू होतात. वेगवेगळ्या वंशांचे अमीबा एकत्र आले तर काही वंश देठात आपला वाटा न घालता बीजाणूंत मात्र वाट्याहून जास्त जागा पटकावतात. एकत्र येऊन समूह बनवण्याच्या मार्गाने गेलेले जीव साध्या रचनेपलीकडे पोचले नाहीत, याचे हेच प्रमुख कारण असावे. सर्व गुंतागुंतीच्या बहुपेशीय शाखा दुसऱ्या मार्गाने गेल्या: एका पेशीचे विभाजन होत जायचे आणि लेकींनी सुटे व्हायचे नाही. तिथे सगळ्या पेशींचा जनुकसंच एकच असतो. यकृतातल्या पेशीला स्वतःचा वंश नसला तरी बीजांडातल्या पेशीतून तिचीच जनुके पुढे जातात. हत्तीएवढा प्राणीसुद्धा प्रत्येक पिढीत पुन्हा एका पेशीपासून सुरू होतो, ही वरवर उधळपट्टी वाटणारी रीत फसवणुकीवरचा सर्वांत प्रभावी इलाज आहे.

तरीही, वंशत्याग सुरू कसा झाला? याचे उत्तर देणारा पुरावा मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो, आणि तो एका हरितशैवालाचा आहे. व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी ही डबक्यात गिरक्या घेत तरंगणारी हिरवी गोळी. तिच्या पृष्ठभागावर सुमारे २,००० लहान पेशी असतात. त्या कशाभिका हलवून गोळीला पोहवतात आणि कधीही विभाजन न पावता मरतात. आत सोळाच्या आसपास मोठ्या पेशी असतात. पुढची पिढी फक्त त्यांच्यातून होते. लहान पेशींना आवर घालणारे एक जनुक आहे, रेग-ए. ते निकामी झाले की लहान पेशी काही काळ पोहतात आणि मग कशाभिका टाकून स्वतःच प्रजनन करू लागतात. म्हणजे त्याग एका जनुकाच्या पहाऱ्यावर उभा आहे. हे जनुक आले कुठून? व्हॉल्व्हॉक्सच्या एकपेशीय नातलगात, क्लॅमिडोमोनासमध्ये, त्याचेच भावंड सापडले. तिथे ते प्रकाश कमी पडला की जागे होते. उपाशी पेशीने वाढ आणि विभाजन तात्पुरते थांबवावे आणि जीव वाचवावा, या जुन्या व्यवस्थेचा ते भाग आहे. एकट्या पेशीत ‘वाईट दिवसांत प्रजनन थांबव’ असा जो हुकूम होता, तोच वसाहतीत ‘बाहेरच्या थरात असशील तर प्रजनन थांबव’ असा झाला. प्रसंगाचा हुकूम जागेचा झाला. दोन्ही शैवालांचे जनुकसंच पाहिले तर जनुकांची संख्या जवळपास सारखी, चौदा-पंधरा हजारांच्या घरातली आहे. नव्या शरीरासाठी नव्या जनुकांचा डोंगर लागलेला नाही.

प्राण्यांच्या शाखेतही हेच घडले असावे, अशी कल्पना रशियन प्राणिशास्त्रज्ञ अलेक्सी झाखव्हात्किन यांनी १९४९ साली मांडली होती. अर्न्स्ट हेकेल यांच्या १८७४ च्या प्रसिद्ध सिद्धान्तात आधी एकसारख्या पेशींची पोकळ गोळी आणि मग तिच्यात श्रमविभागणी, असा क्रम आहे. झाखव्हात्किन यांनी तो फिरवला: एकपेशीय पूर्वजाच्या आयुष्यात पोहणारी, सरपटणारी, कोषात राहणारी अशी रूपे आधीच होती, ती कालक्रमाने येत होती, ती एकाच वेळी शेजारी शेजारी नांदू लागली. कॅप्सास्पोरा आयुष्याच्या वेगवेगळ्या अवस्थांत वेगवेगळी जनुके चालवतो, हे आता दिसले आहे. हवाईच्या समुद्रातून मिळालेल्या क्रोमोस्फेरा पर्किन्सी या एकपेशीय जीवाने तर २०२४ साली अभ्यासकांना चकित केले: त्याची पेशी एका आकाराला पोचली की न वाढता भराभर विभागत जाते, प्राण्यांच्या सुरुवातीच्या भ्रूणासारखी, आणि तयार झालेल्या वसाहतीत एकाहून अधिक प्रकारच्या पेशी असतात. ही शाखा प्राण्यांपासून शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झालेली आहे. भ्रूणासारखी विभागणी तिथे स्वतंत्रपणे उगवली की फार जुन्या वारशातून आली, हे आज उघडे ठेवलेलेच बरे. दोन्ही पर्यायांत प्राण्यांखेरीज इतरांनाही ती साधते, एवढे नक्की.

जीवाश्मांचा प्रश्न राहतो. मधली रूपे दगडात का दिसत नाहीत? मऊ शरीराच्या, काही पेशींच्या गोळ्या दगडात उमटायला असामान्य परिस्थिती लागते, हे उत्तर खरे असले तरी तेवढ्यावर भागवू नये. स्कॉटलंडच्या टॉरिडन भागातल्या सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात, दोन प्रकारच्या पेशींची लहानशी गोळी २०२१ साली वर्णिली गेली आणि ती प्राण्यांच्या व्यापक शाखेतली असावी असा अभ्यासकांचा कयास आहे. रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या सुमारे ५५.८ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या चपट्या, रेषांकित जीवाच्या ठशातून २०१८ साली कोलेस्टेरॉलचे अवशेष मिळाले आणि तो प्राणी असल्याचा दावा भक्कम झाला. कँब्रियन काळ त्यानंतर जवळपास दोन कोटी वर्षांनी सुरू होतो. मात्र पुरावा हवासा वाटला म्हणून ओढून आणू नये. भोपाळजवळच्या भीमबेटका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया सापडल्याची बातमी २०२१ साली गाजली. पुढच्या तपासणीत तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा डाग ठरला आणि २०२३ साली तसे प्रसिद्धही झाले. मूळ दावा करणाऱ्यांनी ही दुरुस्ती मान्य केली. विज्ञानाची पत अशाच दुरुस्त्यांनी वाढते.

बहुपेशीयता इतकी सोपी तर प्राणी एकदाच का झाले, असाही प्रश्न येतो. समुद्रातला प्राणवायू, अन्न म्हणून मोठ्या पेशींची उपलब्धता, अशी कारणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्य असेल. माझ्या मते मोठे कारण हे की पेशींच्या बंडाला आवर घालणारी यंत्रणा एकत्रितपणे बसायला फार काळ लागतो, आणि एकदा एका शाखेने ती बसवून समुद्र भरून टाकला की दुसऱ्या नवख्याला जागा उरत नाही. ही यंत्रणा किती महत्त्वाची आहे ते ती मोडते तेव्हा कळते. कर्करोगाशी संबंधित जनुकांच्या वयाचा अभ्यास केला असता त्यांतली बरीच जनुके दोन काळांत उगवलेली दिसतात: पहिली पेशी झाली तेव्हा आणि प्राणी झाले तेव्हा. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांत आढळणारा जननेंद्रियाचा संसर्गजन्य कर्करोग याचे टोकाचे उदाहरण आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या शरीरातल्या पेशींनी आवर झुगारला. ते कुत्रे केव्हाच मेले, पण त्याच्या पेशी एका कुत्र्यातून दुसऱ्यात जात जगभर पसरल्या आणि आजही परोपजीवी म्हणून जगत आहेत. शरीर सोडून पेशी पुन्हा आपल्या वाटेने गेली.

आणि जी पायरी पेशींनी चढली तीच पुढे काही प्राण्यांनीही चढली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ज्यावर दीर्घकाळ संशोधन झाले तो गोड्या पाण्यातला हायड्रा अंगावर कळी धरतो. कळी वाढली की सुटून स्वतंत्र हायड्रा होते. त्याच्या समुद्री नातलगांत कळ्या सुटत नाहीत आणि झाडासारखी वसाहत होते. यीस्टच्या पुंजक्यात विभाजनानंतर पेशी सुटली नाही, इथे कळी सुटली नाही. कारण तेच, पातळी वरची. या मार्गाचे टोक म्हणजे पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर वाहून येणारी फायसेलिया, जिला इंग्रजीच्या प्रभावाने ब्लू बॉटल म्हणतात. ती जेलीफिशसारखी दिसते, पण एका अंड्यापासून कळ्या फुटत झालेली ती वसाहत आहे. तिच्यातले काही घटक भक्ष्य पकडतात, काही फक्त पचवतात, काही फक्त प्रजननासाठी असतात, आणि कोणताही घटक एकटा जगू शकत नाही. ती एक की अनेक? जन्माच्या रीतीने पाहिले तर अनेक. पण नैसर्गिक निवड जिला वाचवते किंवा मारते ती वसाहत अखंड असते, म्हणून माझा निवाडा ‘एक’ असाच आहे. तिच्या दंशपेशी मात्र अजून जुन्या स्वातंत्र्याने वागतात: स्पर्श झाला की प्रत्येक पेशी आपल्यापुरता निर्णय घेऊन काटा सोडते, वसाहत मेलेली असली तरी. किनाऱ्यावर निळी पिशवी सुकत पडलेली दिसली, तरी तिच्या तंतूंना हात लावू नका.